दोन पगारांवरचा हप्ता आणि मधे येणारं शिक्षण

रविवारी पुण्याजवळच्या रावेत, पुनावळे किंवा वाघोलीला साइट बघून आलेल्या जोडप्याच्या हातात कॉस्ट शीट असते. तिच्यावर एक आकडा ठळक छापलेला, समजा ७५ लाख, आणि बाजूला सेल्सच्या माणसाने पेनाने लिहिलेलं, ‘हप्ता ५० हजार’. पुढचे पंधरा दिवस घरातली सगळी बोलणी या दोन आकड्यांभोवती फिरतात. तिचं एमटेक, त्याचं जर्मनीतलं मास्टर्स, दोघांनी मिळून ठरवलेली नर्मदा परिक्रमा, सगळं ‘एकदा घर झालं की बघू’ म्हणून बाजूला पडतं. मला या ‘बघू’ची काळजी वाटते. कॉस्ट शीटवर न छापलेले आकडे मांडले की हे बेत किती वर्षं लांबणार हे कळतं, म्हणून आधी ते आकडे.

७५ लाख ही करारनाम्यातली किंमत धरू. टू बीएचके, बांधकाम चालू, महापालिका हद्दीतला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकते. म्हणजे ६० लाख बँकेचे, १५ लाख आपले. बहुतेकांचा हिशेब इथेच थांबतो. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरली जात नाही, ती पूर्ण खिशातून जाते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रो उपकर मिळून ७ टक्के, म्हणजे ५ लाख २५ हजार. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. बांधकाम चालू असल्याने ५ टक्के जीएसटी, ३ लाख ७५ हजार. जीएसटी काही बँका किमतीत धरतात, काही धरत नाहीत. मंजुरीपत्र घेण्याआधी विचारून घ्या. ताबा देताना बिल्डर दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ घेतो, महिना साडेतीन हजारांनी ८४ हजार. बँकेची प्रोसेसिंग फी, गहाणखताचा मुद्रांक, नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची सरकारदरबारी नोंद), वकिलाचा सर्च रिपोर्ट, यांसाठी पाऊण लाख. किचन ट्रॉल्या, दोन कपाटं, ग्रिल, सेफ्टी डोअर, पंखे-दिवे यांचे अगदी हात आखडून चार लाख.

बेरीज २९ लाख ८९ हजार. वीस टक्के भरायचे म्हणून निघालेल्या जोडप्याला प्रत्यक्षात चाळीस टक्के रोख उभी करावी लागते. मधले पंधरा लाख पर्सनल लोन, सोनं, वडिलांची निवृत्तीची पुंजी यांतून येतात. आणि शिक्षणासाठी ठेवलेली एफडी सगळ्यात आधी मोडते, कारण लगेच मोडता येण्यासारखी तेवढीच असते.

यात वाचवता येण्यासारखी एक जागा आहे. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, आपल्या उदाहरणात ७५ हजार. नवऱ्याचं नाव सहमालक म्हणून लागलं की ही सवलत जाते. कर्जात मात्र तो सहकर्जदार राहू शकतो. आणि एक चूक फार जण करतात. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरात प्रत्येक रकमेतून १ टक्का टीडीएस खरेदीदाराने कापून भरायचा असतो. बँक बांधकामाच्या प्रत्येक टप्प्याचे पैसे परस्पर बिल्डरला देते आणि हे राहून जातं. विवरणपत्राला उशीर झाला की दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क लागतं.

आता हप्ता. ६० लाख, ८ टक्के, २० वर्षं: महिना ५०,१८६ रुपये. पहिल्या हप्त्यात ४०,००० व्याज आणि १०,१८६ मुद्दल. पाच वर्षांत बँकेला ३० लाख ११ हजार दिले जातात आणि कर्ज उरतं सुमारे साडेबावन्न लाख, म्हणजे मुद्दल फिटलं फक्त साडेसात लाख. बँकेच्या ॲपवर परतफेडीचं वेळापत्रक काढून साठाव्या महिन्याची ओळ दोघांनी मिळून बघा. तिशीच्या आधी घर घेऊन पस्तिशीला विकावं लागलं तर हातात काय उरेल, ते त्या ओळीत लिहिलेलं असतं. मुद्रांक, जीएसटी आणि नोंदणी मिळून किमतीच्या जवळजवळ साडेबारा टक्के खरेदीच्या दिवशीच गेलेले असतात, विकताना दलाली वेगळी. खरेदीपासून २४ महिन्यांच्या आत विकलं तर नफा तुमच्या उत्पन्नाच्या स्लॅबने करपात्र होतो.

तसाच फ्लॅट भाड्याने २२ हजारांना मिळतो असं धरू. हप्ता, मेंटेनन्स आणि मिळकतकराचे महिन्याचे दीडेक हजार मिळून घराचा खर्च ५५ हजारांवर जातो. फरक महिना ३३ हजार, वर्षाला जवळजवळ चार लाख. शिवाय सुरुवातीचे तीस लाख अजून तुमच्याच खात्यात.

दुसरी बाजूही मांडायला हवी. भाडं दर वर्षी ८ टक्क्यांनी वाढलं तर नऊ वर्षांत दुप्पट होतं, २२ चे ४४ हजार. हप्ता व्याजदराबरोबर थोडा हलतो, पण दुप्पट होत नाही. अकरा महिन्यांनी घरमालक घर खाली करायला सांगतो, पुन्हा दलाली, पुन्हा टेम्पो, पुन्हा लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी. आणि वाचलेले ३३ हजार पगाराच्या दिवशीच एसआयपी किंवा आरडीत गेले नाहीत तर ते वाचलेले नसतातच. भाड्याने राहणं फायद्याचं असतं ते एवढी एक शिस्त पाळली तरच.

हप्त्यापेक्षा जास्त दमछाक होते ती ताब्याच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत, आणि हाच काळ जोडपी हिशेबात धरत नाहीत. महाराष्ट्राच्या रेराच्या (घरबांधणी प्रकल्पांचं नियमन करणाऱ्या कायद्याच्या) नमुना करारनाम्यात टप्पे ठरलेले आहेत: करारनाम्यानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोत्यापर्यंत ४५, सगळे स्लॅब झाले की ७० टक्क्यांपर्यंत. आपले १५ लाख आधी जातात, मग बँकेचे सुटतात. ७० टक्क्यांना बिल्डरकडे साडेबावन्न लाख गेलेले असतात, त्यातले साडेसदतीस लाख कर्जाचे. त्यावर प्री-ईएमआय महिना २५ हजार. हे नुसतं व्याज, मुद्दल जागचं हलत नाही. राहत्या घराचं २२ हजार भाडं चालूच. ताबा वर्षभर लांबला तर २५ हजारांप्रमाणे तीन लाख रुपये व्याजात गेले, आणि तेवढ्यात एका चांगल्या अभ्यासक्रमाची फी बसते. म्हणून महारेराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साइटवर प्रकल्प क्रमांक टाका, मूळ पूर्णत्वाची तारीख आणि सुधारित तारीख शेजारी-शेजारी ठेवा, तिमाही प्रगती अहवालात किती स्लॅब झाले ते बघा. एकदा मुदतवाढ घेतलेल्या प्रकल्पात परदेशी प्रवेशाची तारीख डोक्यात ठेवून पैसे गुंतवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाडव्याला आणि दसऱ्याला मुहूर्त म्हणून घाईत बुकिंग होतं. महारेराच्या अलॉटमेंट लेटरच्या नमुन्यानुसार १५ दिवसांत रद्द केलं तर कपात शून्य, ६१ दिवसांनंतर २ टक्के. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. हे पंधरा दिवस शांतपणे आकडेमोड करायला वापरा.

घरातली मोठी माणसं हमखास सांगतात, कर्ज काढा, कर वाचतो. त्यांच्या काळात ते खरं होतं. गृहकर्जावरच्या व्याजाची दोन लाखांची आणि मुद्दलाची ८०सी मधली वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे. स्वतः राहत असलेल्या घराला नव्या प्रणालीत यातलं काहीच मिळत नाही. नव्या प्रणालीत पगारदाराला वर्षाला १२ लाख ७५ हजारांपर्यंत करच लागत नसल्याने बहुतेक तरुण जोडपी तिथेच आहेत. घरभाडे भत्त्याची सूटही तिथे नाही, म्हणजे दोन्ही पारड्यांतून कर काढून टाका आणि निव्वळ रकमा ताडून बघा.

शिक्षणाकडे वळू. पुण्यातून सगळ्यात जास्त विचारला जाणारा मार्ग जर्मनीचा, म्हणून तोच घेते. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकचं तंत्र विद्यापीठही आता फी घेतं. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी ठेवावे लागतात. युरो १०० रुपये धरला तर जवळजवळ १२ लाख. ही फी नव्हे. तिथे गेल्यावर महिना ९९२ युरो तुम्हालाच परत मिळतात. पण प्रवेश हातात आला तेव्हा ही रोकड मोकळी असावी लागते, आणि ती नेमकी फ्लॅटच्या जोत्याच्या टप्प्यात अडकलेली असते. एपीएस प्रमाणपत्राचे (भारतीय पदव्या खऱ्या असल्याची जर्मनीसाठीची तपासणी) १८ हजार, त्याला लागणारे आठवडे वेगळे. हिवाळी सत्राला बऱ्याच विद्यापीठांची अंतिम तारीख १५ जुलै असते. एपीएस आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास काढायला टाकलं तर धावपळ होत नाही.

भाषा मात्र आत्ताच सुरू करता येते आणि तिला कर्ज लागत नाही. जर्मन शिकवणारं मॅक्सम्युलर भवन पुण्यात आहे, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, जपानीची जेएलपीटी परीक्षा पुण्यातच देता येते. घर की शिक्षण या वादात अडकलेल्या जोडप्याने निर्णय होईपर्यंत दोघांनी मिळून भाषेची एक पातळी पूर्ण करावी. जोडीदाराला नंतर कुटुंब-व्हिसा लागला तर बहुतेक वेळा ए-वन, म्हणजे जर्मनची पहिली पातळी मागतात, तेव्हा तेही काम झालेलं असतं.

अनुभवांच्या बाबतीत मी वयाकडे बघते. ब्रिटनची ‘यंग प्रोफेशनल्स स्कीम’ २०२३ पासून भारतीयांना खुली आहे: पदवीधर, वय १८ ते ३०, वर्षाला ३,००० जागा, सोडतीने निवड, २,५३० पौंडांची शिल्लक दाखवायची, दोन वर्षं राहून काम करता येतं. ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा २०२४ पासून भारतीयांना मिळतो: १८ ते ३०, वर्षाला १,००० जागा, तोही सोडतीने. दोन्हीकडे नवरा-बायकोचे अर्ज वेगवेगळे, त्यामुळे एकाचा क्रमांक लागला आणि दुसऱ्याचा नाही, असं होऊ शकतं. एकतिसावा वाढदिवस उलटला की दोन्ही दारं बंद. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा मूलभूत कोर्स २८ दिवसांचा असतो आणि पायी नर्मदा परिक्रमेला काही महिने लागतात. यांना पैसे फार लागत नाहीत. लागते ती बिनपगारी रजा, आणि महिना ५० हजारांचा हप्ता चालू असताना कोणी बिनपगारी रजा टाकत नाही.

आता मुख्य मुद्दा, क्रमाचा. दोघांचा हातात येणारा पगार ६५ हजार प्रत्येकी धरा, मिळून १ लाख ३० हजार. हप्ता ५०,१८६ म्हणजे उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांच्या आत. बँक आनंदाने कर्ज देते. बँकेने मोजलं ते दोन पगारांवर. त्यातली एक व्यक्ती शिकायला बसली की काय होतं बघा. ६५ हजारांतून हप्ता गेला, उरले १४,८१४. मेंटेनन्स आणि मिळकतकर गेला, उरले ९,८१४. यात किराणा, पेट्रोल, वीजबिल, गावी पाठवायचे पैसे, आजारपण. तेच भाड्याच्या घरात २२ हजार देऊन ४३ हजार उरतात. एकाच पगारात दोन वर्षं काढता येतात ती इथे.

बरं, शैक्षणिक कर्ज काढू म्हटलं तर तिथेही घर आडवं येतं. साडेसात लाखांपर्यंत बँका तारण मागत नाहीत. त्यापुढे सहसा मागतात. निवडक संस्थांसाठी काही बँका विनातारणही देतात, पण सहकर्जदाराचं उत्पन्न बघूनच. सहकर्जदार म्हणजे मागे राहिलेला जोडीदार, आणि त्याच्या ६५ हजारांतले ५० हजार आधीच बांधलेले. तारण म्हणून तोच फ्लॅट द्यावा तर तो गृहकर्जाला गहाण. मग गावाकडची जमीन आठवते. शेतजमीन बँका शैक्षणिक कर्जाला सहसा तारण घेत नाहीत, कारण थकबाकी वसुलीच्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. ‘गावाला दोन एकर आहे’ या भरवशावर आखलेले बेत इथे कोसळतात. बिगरशेती प्लॉट किंवा आई-वडिलांचं कर्जमुक्त घर असेल तर बोलणी होऊ शकतात, तेही त्यांना धोका नीट समजावून.

उलट क्रमाने गेलो तर काय? १५ लाखांचं शैक्षणिक कर्ज, १० टक्के, दहा वर्षं: हप्ता १९,८२३. या हप्त्यामुळे पुढची गृहकर्जाची पात्रता जवळजवळ २४ लाखांनी घटते. ऐकायला भीतिदायक आहे. पण बँक उत्पन्नाच्या निम्मी रक्कम हप्त्यांना धरत असेल, तर हातात येणारा पगार ४० हजारांनी वाढला की ती पात्रता भरून निघते. म्हणून अभ्यासक्रम निवडताना हाच प्रश्न विचारा: यानंतर महिना ४० हजार वाढतील का? त्या कोर्सचे गेल्या दोन वर्षांतले विद्यार्थी शोधून त्यांना पगार विचारा, संस्थेच्या जाहिरातीला विचारू नका. उत्तर नाही असेल तर तो कोर्स आवडीसाठी करायचा आहे, आणि आवडीच्या शिक्षणाला कर्ज काढू नये, साठवून करावं. शिकत असताना हप्ता नसतो तरी व्याज चढत असतं. १५ लाखांवर १० टक्क्यांनी, दोन वर्षांचा कोर्स आणि त्यानंतर हप्ता सुरू होण्याआधीची वर्षभराची सवलत धरून, सरळ व्याज साडेचार लाख होतं. निदान हे व्याज दर महिन्याला भरत राहा, साडेबारा हजार. भाड्याच्या घरात एका पगारातून ते जमतं.

बुकिंगच्या आधी सहा महिने रंगीत तालीम करा. वेगळं बचत खातं काढा, त्याचं एटीएम कार्ड घेऊ नका. दर महिन्याच्या ५ तारखेला ३३ हजारांचं स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावा, हप्ता आणि भाडं यांतला फरक तेवढा. पहिले तीन महिने दोन पगारांवर घर चालवा. पुढचे तीन महिने एकाचा पगार जसाच्या तसा दुसऱ्या खात्यात ठेवा आणि एकाच पगारावर जगा, ३३ हजार भरतच. चौथ्या महिन्यात क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण भरता आलं नाही तर तुम्हाला उत्तर मिळालं. गणपती किंवा दिवाळी या सहा महिन्यांत येईल असं बघा, नाहीतर तालीम खरी होत नाही. काहीही ठरलं तरी त्या खात्यात जवळपास दोन लाख जमलेले असतात.

घर आधी घ्यावं अशी परिस्थितीही असते. आई-वडील सोबत राहणार असतील आणि दर वर्षी घर बदलणं त्यांच्या गुडघ्यांना झेपणार नसेल. दोघांचंही काम पुण्यातच आणि पुढची दहा वर्षं शिक्षणासाठी नोकरी सोडायचा विचार नसेल. किंवा शिक्षण नोकरी सांभाळून होणारं असेल, शनिवार-रविवारचं. तेव्हाही मी टू बीएचकेच्या ऐवजी तयार, जुना वन बीएचके बघायला सांगेन. ४० लाखांचा रीसेल फ्लॅट धरा: भोगवटा पत्र असलेला, म्हणून जीएसटी शून्य, प्री-ईएमआय शून्य. कर्ज ३२ लाख, हप्ता २६,७६६. मुद्रांक आणि नोंदणी ३ लाख १० हजार, आपले ८ लाख, दलाली आणि किरकोळ दुरुस्ती. एका पगारावर हा हप्ता चालतो. पाहुणे आले की बाहेरच्या खोलीत गाद्या टाकाव्या लागतात, पण एक जण शिकायला जाऊ शकतो. किंमत ३५ लाखांच्या आत आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत असेल तर प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये व्याज अनुदान मिळू शकतं, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. देशात कुठेही पक्कं घर नसण्याची अट आहे. म्हाडाच्या पुणे मंडळाची सोडत आणि खासगी प्रकल्पांतली २० टक्के राखीव घरं, यांचे अर्जही भरत राहा. अधिवास प्रमाणपत्र आणि आयकर विवरणपत्रं आधीच काढून ठेवा.

जुना फ्लॅट घेताना उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये जाऊन सोसायटीच्या वॉचमनला विचारा, दिवसाला किती टँकर येतात. वाघोली, उंड्री या बाजूंना टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत मेंटेनन्स उन्हाळ्यात वर जातो, आणि तो कॉस्ट शीटवर किंवा दलालाच्या तोंडी कधीच नसतो. गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेचा जमाखर्च मागा, पाण्याची ओळ बघा.

घर घेऊन झालंय आणि प्रवेशाचं पत्र आलंय, अशांसाठी थोडं. दोघंही जाणार असाल तर फ्लॅट भाड्याने द्या, पण आकडा खरा धरा. सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नसल्याचा आकार) लावू शकते. पुणे महापालिकेची स्वतः राहणाऱ्यांना मिळणारी मिळकतकरातली ४० टक्के सवलत जाते. तुम्ही करासाठी अनिवासी झालात की भाडेकरूने भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापायचा असतो. हे ऐकून बरेच भाडेकरू मागे हटतात, म्हणून करारनाम्याच्या वेळीच सांगा आणि विवरणपत्र भरून परतावा घ्या. नव्या करप्रणालीत भाड्याच्या उत्पन्नातून व्याज वजा होतं, पण भाड्यापेक्षा जास्तीचं व्याज पगारातून वजा होत नाही. निघण्यापूर्वी आई-वडिलांपैकी एकाच्या नावाने नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र करा आणि त्यात भाडेकराराची नोंदणी, बँक, महावितरण, सोसायटी यांची नावं घालून अधिकार स्पष्ट लिहा. विक्रीचा अधिकार त्यात घालू नका. आणि फ्लोटिंग दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व परतफेडीचा दंड नसतो, त्यामुळे तिथल्या पहिल्या पगारापासून जेवढं जमेल तेवढं मुद्दलात भरत राहा. भरताना बँकेला ‘हप्ता कमी करा’ की ‘मुदत कमी करा’ हे लेखी कळवा. काही न सांगितल्यास बँका सहसा मुदत कमी करतात, आणि तुम्हाला तर मागे राहिलेल्या जोडीदारासाठी हप्ताच कमी व्हायला हवा असतो.